साठीनंतर स्वयंसेवक व्हायचंय? वयस्कर शेजाऱ्यांसोबत आणि वाचायला शिकणाऱ्या घरांसोबत काम कसं सुरू करायचं

मला दर महिन्याला दोघंतिघं तरी विचारतात, तुम्ही त्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जाता ना, आणि मुलांना आणि त्यांच्या आयांना वाचायला शिकवता ना, आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू. फोनवर सगळं सांगून होत नाही, काहीतरी राहूनच जातं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. मी स्वतः अडुसष्ट वर्षांची आहे, हे काम नऊ वर्षं करतेय, खाली जे लिहिलंय ते त्यातलंच आहे आणि थोडं वाचून, प्रशिक्षणात शिकून आलेलं.

आधी एक गोष्ट. हे आपण काही नवीन शोधलेलं नाही. अमेरिकेत १९६५ साली फॉस्टर ग्रँडपेरेंट नावाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात वयस्कर माणसं मुलांसोबत बसायची, आणि १९७४ मध्ये सीनियर कम्पॅनियन आला, त्यात वयस्कर माणसं आपल्यापेक्षा थकलेल्या शेजाऱ्यांना सोबत करायची. दोन्ही आजही चालू आहेत, पंचावन्न आणि त्यापुढच्या वयाच्या माणसांसाठी. म्हणजे ‘आपलं वय झालं, आता आपला काय उपयोग’ हा विचार मनात असेल तर तो आधी काढून टाका, या कामात वय हीच आपली मोठी पात्रता आहे. गुडघे दुखतात म्हणजे काय ते आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पायरी १: किती वेळ देणार ते ठरवा आणि त्याच्या निम्माच कबूल करा

नवीन आलेले लोक पहिल्याच दिवशी म्हणतात, मी रोज येईन. असं म्हणू नका प्लीज. आठवड्यातला एक वार, एक वेळ, दीड-दोन तास, बास. पण तेवढं चुकवायचं नाही.

हे मी कडक शब्दात सांगते त्याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षी एका आजोबांकडे मी दर मंगळवारी चार वाजता जायचे. एका मंगळवारी घरी पाहुणे आले, मी फोन केला, त्यांनी उचलला नाही, मला वाटलं झोपले असतील, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारणीने सांगितलं की आजोबा तीन वाजल्यापासून धुतलेला शर्ट घालून खिडकीशी बसले होते, दिवे लागेपर्यंत. फोन वाजला होता पण त्यांना ऐकूच आला नव्हता. आपल्यासाठी ती एक हुकलेली भेट असते, त्यांचा मात्र तो आख्खा आठवडा असतो. तेव्हापासून मी नियम केला, जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवायचं, आणि ज्याला फोन ऐकू येत नाही त्याला निरोप कुणामार्फत द्यायचा हे पहिल्याच भेटीत ठरवून ठेवायचं.

८ सप्टेंबरला साक्षरता दिन असतो, १ ऑक्टोबरला ज्येष्ठांचा दिवस, ५ डिसेंबरला स्वयंसेवक दिन. त्या दिवशी कार्यक्रम होतात, नवीन लोक नावं देतात, चांगलं आहे, मीसुद्धा अशाच एका कार्यक्रमात नाव दिलं होतं. पण गरज असते ती त्यानंतरच्या साध्यासुध्या मंगळवारी दार वाजवणाऱ्या माणसाची.

कुणी म्हणेल की अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात एक्सपीरियन्स कोअर नावाच्या स्वयंसेवी उपक्रमातले साठीच्या पुढचे लोक शाळेत आठवड्याला पंधरा पंधरा तास मुलांना वाचायला मदत करायचे. हो, करायचे, पण ते टीमने जायचे, आधी प्रशिक्षण झालेलं असायचं, थोडं मानधनही मिळायचं. आपण नुकतीच सुरुवात करतोय तर दोन तास पुरेत. सहा महिने नीट निभावलं तर वाढवा.

पायरी २: एकट्याने घुसू नका

जवळपास जे कुणी हे काम आधीपासून करतंय, वाचनालय असेल, शाळा असेल, ज्येष्ठांचा संघ असेल, तिथे जाऊन सांगा की मला यायचंय. ते तुमची ओळखपत्रं मागतील, दोन जणांचे संदर्भ मागतील, काही ठिकाणी पोलीस पडताळणी लागते. राग मानू नका. आपण म्हाताऱ्या, एकट्या माणसाच्या घरात शिरणार आहोत, लहान मुलांजवळ बसणार आहोत, तर तपासणी झालीच पाहिजे. जिथे काहीच न विचारता ‘या, उद्यापासून’ म्हणतात तिथे मी दोनदा विचार करेन.

आणि एक जोडीदार बघा, म्हणजे दुसरा स्वयंसेवक. पहिल्या तीनचार भेटी दोघांनी मिळून करायच्या. पुढे तुम्ही आजारी पडलात (आपल्या वयात पडणारच) तर तो माणूस त्या घराला अनोळखी नसतो. मुलांच्या बाबतीत तर नियमच आहे, बंद दाराआड एकट्या मुलासोबत बसायचं नाही, दार उघडं, कुणीतरी मोठं माणूस दिसेल अशा जागी. हा नियम मुलाच्या सुरक्षेसाठी आहे आणि आपल्याही.

पायरी ३: पहिली भेट

पहिल्या भेटीत मदत करायला जाऊ नका, ओळख करायला जा. जाऊन लगेच ‘हे असं का ठेवलंय, ते उचलू का’ सुरू केलं तर माणूस मिटून जातो.

काय म्हणून हाक मारायची ते विचारा. सगळ्यांना आजी-आजोबा करून टाकू नका. एका बाईंना मी पहिल्या दिवशी आजी म्हटलं, त्या काही बोलल्या नाहीत, नंतर कळलं की त्यांनी तीस वर्षं शाळेत शिकवलंय आणि सगळा परिसर त्यांना बाई म्हणतो. मी पुढच्या वेळी ‘बाई, येऊ का आत?’ म्हटलं आणि त्यांचा चेहराच बदलला. नाव हे लहानसं वाटतं पण त्यात त्या माणसाचं सगळं आयुष्य असतं.

मग चार गोष्टी बोलता बोलता विचारून घ्या: अडचणीत कुणाला फोन करायचा, डॉक्टर कोण, डोळे-कान कसे आहेत, आणि तुम्हाला स्वतःला काय करायला आवडतं. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. सगळे त्या माणसाला काय जमत नाही एवढंच विचारत असतात, काय जमतं ते कुणी विचारत नाही, आणि पुढे वाचनाचं काम जोडायचं तर आपल्याला नेमकं तेच माहीत असायला लागतं.

पायरी ४: कान, डोळे, पाय, आठवण

इथे जरा सविस्तर लिहिते कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

कान. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज जातात. स, श, फ, ट, थ अशी व्यंजनं पुसट होतात, स्वर ऐकू येतात. म्हणून ते म्हणतात, ‘आवाज येतो पण शब्द कळत नाही’. आपण मग ओरडतो, आणि ओरडलं की आवाज अजून चिरका होतो, म्हणजे अजून कळत नाही. त्यापेक्षा टीव्ही बंद करा, उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं समोर बसा, आवाज थोडा खाली आणून सावकाश बोला. एकदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य परत न म्हणता वेगळ्या शब्दात सांगा. आकडे तर लिहूनच द्या. सात आणि साठ यांतला फरक त्या कानाला कळत नाही, डॉक्टरकडे साडेसातला जायचंय हे मी नेहमी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते.

डोळे. लिहायचं तर जाड काळ्या पेनने, पांढऱ्या कागदावर, प्रिंट काढणार असाल तर अक्षर अठरा पॉइंटचं तरी हवं. कागद चकचकीत नको, उजेड पडला की काही दिसत नाही.

पाय. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, पासष्टच्या वरच्या माणसांपैकी दर वर्षी साधारण २८ ते ३५ टक्के जण पडतात. म्हणजे तिघांतला एक. त्यामुळे घरात गेल्यावर नजर खाली ठेवा: वळलेली सतरंजी, वाटेतली वायर, बाथरूममध्ये ओली फरशी, रात्री उठल्यावर दिव्याच्या बटणापर्यंतचा अंधार. पण न विचारता काहीही हलवू नका. अंधारात हात लावून चालणाऱ्या माणसाला खुर्ची कुठे आहे हे पाठ असतं, आपण ती चांगल्या हेतूने बाजूला केली आणि तेच पडायचं कारण झालं असं होऊ शकतं. विचारा, त्यांच्यासमोर हलवा, दोनदा चालून बघायला सांगा.

तहानसुद्धा वयाने कमी लागते, शरीराला पाणी हवं असतं पण जाणीव होत नाही. मी गेल्यावर पहिलं पाण्याचा ग्लास त्यांच्या हाताशी ठेवते आणि मीही पिते, म्हणजे सोबतीने ते पितात.

आठवण. तीच गोष्ट पुन्हा सांगतात म्हणून कंटाळू नका. मी एक युक्ती करते, त्याच गोष्टीत नवीन प्रश्न विचारते, मग तुमच्या आईने काय केलं, घरात तेव्हा अजून कोण होतं, आणि गोष्ट थोडी पुढे सरकते. विस्मरणाचा आजार असलेल्या माणसाला ‘आठवतंय का मी कोण?’ असं विचारू नका, ती परीक्षा होते आणि ते नापास होतात. आपणच सांगायचं, ‘मी मंगळवारची, वाचायला येते ती.’ चूक बोलले तरी दुरुस्त करत बसायचं नाही.

पण एक लक्षात ठेवा, काल नीट बोलणारा माणूस आज अचानक गोंधळला, बरळतोय, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. त्यामागे जंतुसंसर्ग असू शकतो, अंगातलं पाणी कमी झालेलं असू शकतं, नवीन गोळी असू शकते. त्याच वेळी घरच्यांना किंवा डॉक्टरला कळवा. चेहऱ्याची एक बाजू लोंबली, एक हात वर जात नाही, बोलणं जड झालं, तर थेट अॅम्ब्युलन्स, आणि किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा, डॉक्टर ती वेळ विचारतातच.

पायरी ५: कुठे थांबायचं

हे छोटं आहे पण पाठ करा. पैसे हातात घ्यायचे नाहीत, बँकेचा पिन, ओटीपी विचारायचा नाही आणि कुणी सांगायला लागलं तर कानावर हात ठेवायचे. मृत्युपत्र, घराचे कागद यांवर साक्षीदार म्हणून सही करायची नाही. महागडी भेट घ्यायची नाही. गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचून दाखवायचं, पण कुठली गोळी घ्यायची, किती घ्यायची हे आपण सांगायचं नाही. पडलेल्या माणसाला एकट्याने ओढून उठवायचं नाही, हाड मोडलेलं असलं तर अजून बिघडेल आणि आपली पाठ जाईल ती वेगळीच. पांघरूण घाला, बोलत राहा, मदत बोलवा. आणि एका घरातलं दुसऱ्या घरात बोलायचं नाही, अगदी कौतुकाने सुद्धा नाही.

फोन शिकवायचा असेल तर त्यांचा फोन आपल्या हातात घेऊ नका, बोट त्यांचंच चालू द्या. आपण पटकन करून दिलं तर ते शिकत नाहीत, फक्त आपल्यावर अवलंबून राहतात. एका महिन्यात एकच गोष्ट, म्हणजे नातवाला व्हिडिओ कॉल कसा लावायचा एवढंच, चार मंगळवार तेच. पायऱ्या कागदावर त्यांच्याच शब्दात लिहा. आणि शेवटी ‘कळलं ना?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘मला आता तुम्ही शिकवा’ असं म्हणा, मग खरं कळतं. कुठलाही फॉर्म, डॉक्टरची चिठ्ठी, सगळ्याला हीच पद्धत चालते.

पायरी ६: वाचनाचं काम, आधी मोठ्यांचं

घर वाचायला शिकतं म्हणजे फक्त मूल शिकत नाही. जगात ज्या प्रौढांना वाचता येत नाही त्यांच्यात जवळजवळ दोन तृतीयांश बायका आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी जणी कुणाच्यातरी आई किंवा आजी आहेत. मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी त्यांच्याच हातात येते.

वाचता न येणाऱ्या माणसाला ओळखायचं कसं? तो सांगत नाही. ‘चष्मा घरी राहिला’, ‘तुम्हीच वाचा, मला घाई आहे’, ‘घरी नेऊन बघते’. एक बाई माझ्यासमोर दर वेळी चष्मा विसरायच्या, पाचव्या वेळी मी माझा चष्मा त्यांच्या हातात दिला आणि त्या रडायला लागल्या. मी ते करायला नको होतं. ती लाज इतकी जुनी असते की तिला उघड्यावर ओढायचा हक्क आपल्याला नसतो. नंतर मी शिकले, चष्मा राहिला म्हणाल्या की आपण म्हणायचं ‘मग दोघी मिळून वाचू’, बास, आणि बोट ठेवून सावकाश वाचायचं. दोन महिन्यांनी त्यांनीच विचारलं, हे अक्षर कुठलं.

मोठ्या माणसाला ‘अ अननसाचा’पासून सुरू करू नका, त्यांना आपण लहान मूल झाल्यासारखं वाटतं. त्यांच्या आयुष्यातला शब्द घ्या. पाउलो फ्रेइरे या ब्राझीलच्या शिक्षणतज्ज्ञांनी १९६३ साली तिथल्या अँजिकोस गावात सुमारे तीनशे कामकरी माणसांना असंच शिकवलं होतं, त्यांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द घेऊन, जसं वीट, आधी त्या शब्दावर गप्पा आणि मग त्याची अक्षरं फोडायची. मराठीत हे फार छान जमतं कारण आपली बाराखडी आयती आहे. समजा शब्द घेतला ‘पगार’. आधी पगारावर बोलायचं, केव्हा होतो, कुणाच्या हातात पडतो, पुरतो का, आणि ते बोलणं अर्धा तास चाललं तरी चालू द्यायचं. मग शब्द मोठा लिहायचा. प, गा, र. प ची बाराखडी, ग ची, र ची. आणि मग त्यांनाच जुळवायला लावायचं: राग, गार, पार, परी, गोरा, गुरू, रोप. त्या चष्म्यावाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी ‘राग’ हा शब्द स्वतः जुळवला आणि म्हणाल्या, ‘पगारातच राग आहे हो, ताई.’ त्या दिवशी पुढे काही शिकवायची गरजच पडली नाही.

सुरुवातीला जोडाक्षर नसलेले शब्द घ्या: घर, नळ, दार, काम, मुलाबाळांची नावं (नावात जोडाक्षर असलं तर आधी घोटवून घ्या, नावाला पर्याय नाही). ब आणि व, भ आणि म, घ आणि ध, थ आणि य यांत गोंधळ होणार, तो सगळ्यांचाच होतो, जोडीने समोरासमोर लिहून फरकाच्या जागेवर रंगीत पेनाने खूण करा. पहिली वेलांटी त्रास देते कारण ती अक्षराच्या आधी लिहिलेली दिसते आणि बोलताना नंतर येते, ‘दिवा’ वाचताना माणूस वेलांटीपाशीच अडतो. तिथे सांगा, वेलांटी दिसली की पुढचं अक्षर आधी पकडा. रफार आणि र ची बाकीची रूपं, सूर्य, चक्र, राष्ट्र, ही सगळ्यात शेवटी, घाई नको.

सही शिकवा लवकर. पूर्ण वाचता यायच्या आधी सही आली तरी माणूस ताठ बसतो.

आता मुलांचं

मूल वाचताना अडलं की आपण पटकन शब्द सांगून टाकतो. थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. पाच सेकंद फार लांब वाटतात पण त्याच वेळात मूल स्वतः शोधतं. नाही आलं तर शब्द सांगा, त्याला एकदा म्हणू द्या, पुढे चला. व्याख्यान नको.

अडखळणाऱ्या मुलासाठी जोडीने वाचायची पद्धत मला सगळ्यात आवडते. पुस्तक मुलाने निवडायचं, दोघांनी एकत्र मोठ्याने वाचायचं, त्याच्या वेगाने. त्याला वाटलं की आता मी एकटा, तर त्याने टेबलावर टकटक करायची, आपण गप्प. अडला, चारपाच सेकंद थांबलो तरी जमेना, की आपण शब्द सांगून पुन्हा सोबत सुरू, परत टकटक होईपर्यंत. ती टकटक त्याच्या हातात असते ना, त्यामुळे मूल घाबरत नाही. रोज दहा मिनिटं खूप झाली, आणि ही पद्धत आईवडिलांना एका बैठकीत शिकवता येते, म्हणजे आपण नसलो तरी घरात चालू राहते.

आईलाच वाचता येत नसेल तर? तरी पुस्तक उघडायचं. चित्र बघून बोलायचं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसोबत दाखवलं होतं की लहान मुलाला नुसतं वाचून दाखवण्यापेक्षा त्याला बोलतं केलं तर भाषा जास्त वाढते. मोठ्या माणसाने विचारायचं, ‘हा काय करतोय?’ मूल म्हणतं ‘पळतो.’ आपण म्हणायचं, ‘हो, पावसात पळतोय, छत्री नाही त्याच्याकडे.’ मग मूल तेच वाक्य म्हणतं. यात अक्षर कुठे आलं? ज्या आईला वाटत होतं की मी अडाणी, मी काय शिकवणार, तिला हे दहा मिनिटांत येतं. घरात बोलतात त्याच भाषेत करायचं, शाळेची भाषा वेगळी असली तरी चालेल, घरची भाषा पक्की असली की दुसरी तिच्यावर चढते.

पायरी ७: दोन्ही घरं जोडा

मी हे काम दोन वेगळ्या यादीत करायचे. मंगळवारी म्हातारी माणसं, गुरुवारी वाचन. मग ते खिडकीतले आजोबा आणि तिसरीतला एक मुलगा यांची गाठ पडली, तीही मुद्दाम नाही, मुलाची आई त्या दिवशी कामावर अडकली होती म्हणून ती म्हणाली घेऊन जा.

मुलगा वाचायला फार घाबरायचा, वर्गात हसले होते त्याला. आजोबांना कमी ऐकू येतं. त्याने पुटपुटत एक ओळ वाचली. आजोबा म्हणाले, ‘काय म्हणालास?’ त्याने परत वाचली. ‘जरा मोठ्याने रे, पाऊस कुठे पडला?’ त्याने तिसऱ्यांदा वाचली, स्पष्ट, शब्द तोडून. त्याच्या ध्यानातच आलं नाही की तो तीच ओळ तीनदा वाचतोय, कारण इथे दोष त्याच्या वाचण्यात नव्हता, त्यांच्या कानात होता. वाचन सुधारायला तीच ओळ पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचणं किती उपयोगी हे मला माहीत होतं, पण मुलाला लाज न वाटता ते करून घेणारा माणूस मला पहिल्यांदा सापडला. आणि आजोबा, त्यांना इतकी वर्षं लोक ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणून अर्ध्यावर सोडायचे, त्यांच्यासाठी कुणीतरी तीनदा सांगत होतं.

तेव्हापासून मी प्रत्येक वयस्कर माणसाला पहिल्या भेटीत विचारते, तुम्ही एखाद्या मुलाचं वाचन ऐकाल का. बहुतेक जण आधी म्हणतात मला काय येतंय. काही यायला नको, बसून ऐकायचंय, कळलं नाही तर विचारायचंय. ज्यांना दिसत नाही ते ऐकू शकतात. ज्यांना विस्मरण आहे त्यांना तीच गोष्ट पुढच्या आठवड्यात पुन्हा नवीन असते आणि मुलाला ती आता नीट वाचता येते.

करायचं कसं: मुलाच्या घरच्यांची आणि आजी-आजोबांची दोघांची परवानगी घ्या. तुम्ही पूर्ण वेळ तिथेच बसा. वीस मिनिटांच्या वर नको. पुस्तक असं घ्या की मूल नव्वद टक्के शब्द आधीच वाचू शकेल. आजोबांच्या थकव्याची वेळ टाळा, खूप जणांना संध्याकाळी जास्त गोंधळायला होतं, सकाळ किंवा दुपारची झोप झाल्यावर बरं. सर्दी-खोकला असलेलं मूल त्या दिवशी नेऊ नका, साधी सर्दीसुद्धा त्यांना महागात पडते.

पायरी ८: वही आणि आपली तब्येत

प्रत्येक भेटीनंतर तीन ओळी: तारीख, काय केलं, काय वेगळं दिसलं. ‘दोन आठवडे तेच कपडे’, ‘उजव्या पायाने लंगडतायत’, ‘र जमला, ट्र नाही’. महिनाभराच्या ओळी एकत्र वाचल्या की जे एका भेटीत दिसत नाही ते दिसतं. वही जपून ठेवा, नाव न लिहिता फक्त पहिलं अक्षर लिहा.

माणसं जातात, हे आधीच सांगते. नऊ वर्षांत माझी सात गेली. पहिल्या वेळी मी दोन महिने कुठेच गेले नाही. जोडीदाराशी बोला, रडा, त्या वाराला दुसरं कुणाचं घर लगेच घेऊ नका. मुलाला खोटं सांगू नका, ‘गावाला गेले’ असं तर अजिबात नको, तो वाट बघत राहतो.

आणि उद्याच पहिल्यांदा जाणार असाल तर पिशवीत एवढं न्या: जाड काळा पेन, कोरी वही, तुमचा वाचायचा चष्मा, मोठ्या अक्षरांचं एक चित्रांचं पुस्तक, जोडीदाराचा नंबर लिहिलेला कागद. वेळेच्या आधी पाच मिनिटं पोचा पण दार वेळेवरच वाजवा, आणि वाजवल्यावर थांबा, त्यांना खुर्चीतून उठून दारापर्यंत यायला वेळ लागतो, दुसऱ्यांदा वाजवलं की ते घाई करतात आणि घाईत तोल जातो. निघताना पुढच्या भेटीची तारीख त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, शक्य असेल तर त्यांच्याच हाताने लिहून घ्या.